सुदृढदादाचं पोट

मुलांना जेवायला शिकवणारा माणूस आमच्या शाळेत आला, तेव्हा मी तिथे बावीस वर्षं मुलांना जेवू घालत होते. आमची शाळा बालवाडीची. चार वर्षांची येतात, सहाची होऊन मोठ्या शाळेत जातात, की पुढची रांग हजर. बावीस वर्षांत मुख्याध्यापिका तीन झाल्या, भिंतींचे रंग पाच झाले, पण चार वर्षांचं पोर काही बदललं नाही. भूक लागली की ते खातं, नसली की खात नाही, आणि नावडता घास अर्धा तास गालात धरून बसू शकतं. हे कळायला कुठल्या पदवीची गरज नाही. पण या माणसाकडे दोन पदव्या होत्या आणि नेमकं हेच त्याला माहीत नव्हतं.

वय तिशीचं, कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर लिहिलेलं, 'आहार मार्गदर्शक'. सगळे त्याला सर म्हणायचे. मीही तोंडावर सर म्हणायचे, मनात मात्र तो पहिल्या दिवसापासून बिल्लेवाला. वरच्या कार्यालयाने त्याला वर्षभरासाठी पाठवलेलं. तो स्वयंपाकघरात आला तो नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बुटांचे ठसे उमटवत. मागोमाग आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. पाहुणा आला की मोठ्या बाईंचा आवाज एक पट्टी वर चढतो. "या आमच्या मावशी! यांच्या हातची चव मुलं मोठी झाली तरी विसरत नाहीत!"

त्याने चुलीवरच्या बटाट्याच्या सुपात चमचा बुडवला, जिभेच्या टोकाला लावला आणि डोळे मिटून उभा राहिला. दात दुखत असावा असं तोंड.

"हाताला चव आहे, वादच नाही," तो म्हणाला. "पण मावशी, चव वेगळी आणि आहार वेगळा. तुम्ही मुलांना चवीची सवय लावताय. आपल्याला लावायची आहे आहाराची."

मोठ्या बाई हसल्या. वर्गावरच्या दोघी शिक्षिका दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या. आमची मुलं जेवायला बसली की या दोघी माझ्या पातेल्यातलं खरवडून खायच्या. पण त्या दिवशी दोघींना आहाराची फार काळजी.

मग त्याने मीठ, साखर आणि लोण्याचा डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. भिंतीवर एक कागद चिकटवला. सोमवार बीट, मंगळवार कोबी, बुधवार-गुरुवार पालक, असं काहीबाही. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. 'बीट: उकळत्या पाण्यात चाळीस मिनिटे. मीठ नाही. तेल नाही. लोणी नाही.' सोबत एक अंडं, एक पाव आणि एक उकडलेला बटाटा.

"कागदावर आहे तस्संच, मावशी. आपल्या मनाचं काही नको."

"बरं सर," मी म्हणाले.

बीट सालासकट भाजावं, मग सोलावं, वर चिमूटभर मीठ आणि नखभर लोणी, की पोरं लाल मिशा घेऊन दिवसभर मिरवतात. हे मला झोपेतही करता आलं असतं. मी केलं नाही. कागदावर चाळीस मिनिटं होती, मी चाळीस मिनिटं उकळलं. एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही. कोबी तर असा शिजवला की त्याचा वास पार फाटकापर्यंत जावा. म्हटलं, तुला आहार पाहिजे ना, घे आहार. माझा राग त्याच्यावर होता आणि जेवत होती पोरं. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरलीच नाही. शिरली असेल तर मी तिला बसायला जागा दिली नाही.

त्याचा पहिला पाठ मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला. ताटं सरकवायची ती खिडकी थेट जेवणघरात उघडते. बिल्लेवाल्याने खोक्यातून एक बाहुला काढला. पोरांच्याच उंचीचा, आत तारांचा सांगाडा, वर कापड, लालबुंद गाल आणि वाटीएवढं उघडं तोंड. तोंडातून आत एक नळकांडं जायचं, ते पोटातल्या पिशवीत उघडायचं. पाठीला चेन. बाहुल्याचं नाव सुदृढदादा. ज्या पोरांना स्वतःचं आडनाव धड सांगता येत नाही, त्यांच्यासाठी हे नाव! दोन दिवसांत त्याचा सुडूदादा झाला.

"सुदृढदादाला काय आवडतं?" बिल्लेवाल्याने विचारलं. हातात पुठ्ठ्याची चित्रं. "सुदृढदादाला बीट आवडतं! कोण भरवणार?"

सगळ्यांना भरवायचं होतं. साठ पोरं रांगेत उभी राहिली. पुठ्ठ्याचं बीट, पुठ्ठ्याचं गाजर, पुठ्ठ्याचा पालक, एकेक बाहुल्याच्या तोंडात गेलं. प्रत्येक वेळी बिल्लेवाला टाळ्या वाजवायचा आणि जाड आवाज काढून म्हणायचा, "वा! मला अजून दे!" पोरं खूश. तीस वर्षांचा बाप्या पोट धरून ढेकर देतोय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

बाहुला मग जेवणघराच्या कोपऱ्यात कायमचा उभा राहिला. शेजारी भिंतीवर नावांचा तक्ता. ज्याचं ताट रिकामं, त्याच्या नावापुढे सोनेरी चांदणी.

पहिल्या दिवशी चांदण्या मिळाल्या चार. ताटं परत आली ती बिटाने लालभडक. मी ती बादलीत रिकामी करताना, खोटं कशाला बोलू, गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी चाळीस.

चाळीस! आणि त्या दिवशी होता पालक, नुसत्या पाण्यात उकडलेला, चिखलासारखा. बिल्लेवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावत नव्हतं. मोठ्या बाईंना हात धरून आणलं, रिकामी ताटं दाखवली. "बघा. तिसरा दिवस. सवय लागते ती अशी." मोठ्या बाईंनी फोन काढून ताटांचा फोटो घेतला.

मी ताटं धुवायला घेतली आणि विचार करायला लागले. पालक खाल्लेल्या पोराचे दात हिरवे दिसतात. बाहेर साठ पोरं दात काढून खिदळत होती आणि सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र.

सगळे वर्गात गेल्यावर मी जेवणघरात गेले. सुडूदादाच्या पाठीची चेन उघडली. पिशवीत दोन-अडीच किलो पालक होता, अजून कोमट.

पोरांनी काही लपवाछपवी केली नव्हती बरं का. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून नीट पाहिलं. बिल्लेवाला जेवणाच्या वेळी मोठ्या बाईंच्या खोलीत बसून तक्ते भरायचा. दोघी शिक्षिका आपापल्या फोनमध्ये. आणि पोरं एकामागून एक उठून, चमचा भरून, बाहुल्याच्या तोंडात भाजी घालत होती, अगदी शिस्तीत. सगळ्यांत पुढे एक पाच वर्षांची पोरगी. तिला आम्ही वकीलबाई म्हणायचो, कारण कुठलीही गोष्ट सांगितली की ती आधी तीन प्रश्न विचारायची. ती उभी राहून बाकीच्यांना सांगत होती, "ढकलू नका! सुडूदादा एका वेळी एकाचंच खातो!"

मी तिला खिडकीपाशी बोलावलं. "काय गं, ही भाजी तुझ्यासाठी होती ना?"

"मावशी, सर काय म्हणाले? सुडूदादाला पालक आवडतो."

"हो."

"मला आवडतो का?"

"नाही."

"मग कुणाला द्यायचा?"

मला हसू आवरेना. हिने त्या दोन पदव्यांचा चार वाक्यांत निकाल लावला होता. ती पुन्हा रांग लावायला गेली.

आता मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. सरळ मोठ्या बाईंकडे जायचं, चेन उघडून दाखवायची, विषय संपला. मी तसं केलं नाही. सहा आठवड्यांनी वरच्या कार्यालयाची माणसं शाळा बघायला येणार होती, साहेबलोक, फोटोवाले. मी डोळ्यांपुढे आणून बघितलं: जेवणघर भरलेलं, साहेब कौतुक करतायत, आणि मी पुढे होऊन म्हणते, "सर, याच्या पोटात काय आहे तेही दाखवा ना." मग चेन उघडते. तो विचार मला माझ्या स्वयंपाकापेक्षाही जास्त गोड लागला.

म्हणून मी रोज दुपारी, सगळे वर्गात गेले की, बाहुल्याचं पोट रिकामं करायचे. पिशवी काढायची, भाजी कचऱ्यात, पिशवी साबणाने धुवायची, वाळवायची, परत लावायची. नाहीतर दोन दिवसांत वास सुटला असता आणि माझी मजा गेली असती. हो, मीच. बिल्लेवाल्याचा खोटेपणा मी माझ्या हातांनी धुऊनपुसून चकाचक ठेवत होते, आणि वर त्याला मनात शिव्या देत होते.

तिसऱ्या आठवड्यात त्याला नवी कल्पना सुचली. ज्याचं ताट सगळ्यांत आधी रिकामं, तो त्या दिवशीचा थाळीचा राजा किंवा राणी. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, शाळा सुटेपर्यंत. अरे, जेवण हळू खावं, चावून खावं, हे माझ्या आजीलाही माहीत होतं, आणि ती सहीच्या जागी अंगठा लावायची. याच्या दोन पदव्यांत ते एक पान फाटलेलं असावं.

वकीलबाई राणी झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. मग रोजच व्हायला लागली. बाकीची पोरं भाजी बाहुल्याला घालून अंडं-बटाटा चावत बसायची. ही ताट घेऊन उठायची आणि परत यायची तेव्हा ताटात काहीच नसायचं.

पिशवीत मला सबंध अंडं सापडायला लागलं. सोललेलं, एकही दात न लागलेलं. शेजारी पाव, बटाटा. एकाच ताटातलं सगळं. पहिल्याच दिवशी मला कळलं हे कुणाचं. मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, बरं झालं, अंडं सापडलं तर साहेबांना जास्त झोंबेल. आणि कचऱ्यात टाकलं.

असं बारा दिवस चाललं.

मुलं दुपारी किरकिर करायला लागली होती. शिक्षिका म्हणायच्या, "काय झालंय यांना, एकमेकांना चावतात काय!" आई-बाप फाटकात सांगायचे, घरी आल्या आल्या बिस्किटांचे पुडे फस्त करतात. बिल्लेवाल्याकडे त्यालाही उत्तर तयार. "शरीर सवय बदलतंय. पहिले काही आठवडे असं होतं." खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलणारा एक वेळ परवडतो, त्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

तेराव्या दिवशी दुपारी अंगणातून किंचाळी आली. मी हात पुसत धावले. वकीलबाई चढायच्या लोखंडी कमानीखाली पडली होती, मुकुट बाजूला, हनुवटीतून रक्ताची धार. तिच्या मागून चढणारा मुलगा रडत सांगत होता, "मी नाही ढकललं! ती आपोआप सुटली!" तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती बघत नव्हती. मी तिला उचललं. लहान पोर उचलायची माझ्या हातांना सवय आहे, कोण किती भरेल याचा मला अंदाज असतो. ती माझ्या अंदाजापेक्षा हलकी निघाली.

हनुवटीला पाच टाके पडले. पण डॉक्टरांना टाक्यांची काळजी नव्हती. चक्कर का आली? वजन दोन महिन्यांत किलोभर कमी कसं झालं? त्यांनी शाळेला विचारलं, मूल नीट जेवतं का? बिल्लेवाल्याने तक्त्याची प्रत पाठवली. तेवीस चांदण्या. बारा मुकुट. 'पूर्ण आहार, नियमित.' मग डॉक्टरांनी साहजिकच पोटाकडे बघायचं सोडून दिलं आणि दुसरीकडे शोधायला लागले.

तीन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करायचे, त्याच मळक्या निळ्या कपड्यांत, हातात कागदांचं पाकीट. तिची आई दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायची. सकाळी लवकर कामावर जायचं म्हणून हे तिला कपभर दूध पाजून शाळेत सोडायचे. रात्रीही ती दोन घासांतच पेंगायची, म्हणून त्यांचा सगळा भरवसा शाळेच्या जेवणावर. मोठ्या बाई खोलीत नव्हत्या, म्हणून ते माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"मावशी, रक्त तपासलं, काही निघालं नाही. आता हृदयाची तपासणी सांगितलीय. ते बरं असलं तर डोक्याची." त्यांनी पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "डोक्याची म्हणजे काय, ते मी विचारलंच नाही. तुम्ही रोज वाढता ना तिला? ती खाते ना नीट?"

मी म्हणाले, "ताट तर रिकामं येतं."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य इतक्या सहज तोंडातून गेलं.

"तेच तर," ते म्हणाले. "खाऊन-पिऊन पोर वाळत चाललीय." मग ते खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून रडायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. माझ्या हातात पळी होती. ती मी कुठे ठेवली ते मला आजही आठवत नाही. मी बाहेर आले, त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "इकडे या, त्या कोपऱ्यात."

जेवणघरात नुकतीच पंगत संपली होती. मी बाहुल्याला पाठमोरा केला, चेन उघडली आणि पिशवी बाहेर काढून टेबलावर ओतली. कोबी, सगळा त्या दिवसाचा.

"ती उपाशी आहे," मी म्हणाले. "तिला दुसरं काही झालेलं नाही. मुकुटासाठी बारा दिवस अंड्यासकट सगळं जेवण यात टाकलं तिने. डॉक्टरांना सांगा."

त्यांना काही क्षण कळेचना. मग कळलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, माणूस बुडता बुडता पायाखाली जमीन लागल्यावर दिसेल तशी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं माहीत, बारा दिवस?"

उत्तराला ते थांबले नाहीत. पाकीट काखेत मारून धावतच फाटकाबाहेर गेले.

मोठ्या बाई आल्या, बिल्लेवाला आला. मोठ्या बाईंनी आधी दार लावलं, मग टेबलाकडे पाहिलं, मग पहिलं वाक्य उच्चारलं, "हे साहेबांची भेट होईपर्यंत कुणाला कळता कामा नये." पोरीच्या हनुवटीचे टाके अजून ओले होते. एवढ्या वर्षांत मोठ्या बाईंबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतंच, पण त्या दिवशी उरलंसुरलंही गेलं.

बिल्लेवाल्याने कोबीचा एक तुकडा उचलला आणि खाल्ला. मी बघतच राहिले. इतक्या आठवड्यांत त्याने त्याच्या कागदावरचं काही पहिल्यांदाच तोंडात घातलं होतं. त्याने तो कसाबसा गिळला आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे छातीपर्यंत वर.

"मावशी, हे इतकं वाईट लागतं?"

"तुमच्या कागदाप्रमाणे केलंय."

"तुम्हाला माहीत होतं असं लागणार."

"हो."

"आणि हे," त्याने बाहुल्याकडे बोट केलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग वास कसा आला नाही?"

"मी धुवायचे. रोज."

तो ओरडेल म्हणून मी तयार होते. उत्तरं तोंडपाठ होती. कुलूप, किल्ली, सूप, ते हसणं, सगळं ओळीने बाहेर काढायचं ठरवलं होतं. पण तो ओरडला नाही. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी इतके आठवडे खिडकीतून त्याच्याकडे जसं बघत होते ना, अगदी तसं. आणि मला नजर खाली घालावी लागली. मूर्खाने आपल्याकडे तसं बघावं आणि ते बरोबर असावं, यासारखी शिक्षा नाही.

"मला कळलं नाही," तो शेवटी म्हणाला. "मी गाढव आहे. पण तुम्हाला तर कळत होतं."

खिशातून किल्ली काढून त्याने टेबलावर कोबीशेजारी ठेवली आणि तो निघून गेला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात कुणाचंच नाक वर राहत नाही. बिल्लेवाल्याने वरच्या कार्यालयाला सगळं खरं लिहून पाठवलं, स्वतःच्या चुकांसकट. कार्यालयाने ते पत्र मोठ्या बाईंकडे 'खुलाशासाठी' परत पाठवलं. मोठ्या बाईंनी खुलासा म्हणून तक्ता आणि रिकाम्या ताटांचे फोटो पाठवले. ठरल्या दिवशी साहेबलोक आले, तक्ता बघितला, मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवले, फोटो काढले आणि योजना फार यशस्वी झाली म्हणून आणखी अकरा शाळांना तसलेच बाहुले पाठवायचं ठरवून गेले. बिल्लेवाल्याला त्याआधीच कुठल्याशा कोठारात धान्य मोजायला पाठवलं होतं. मला एक पत्र मिळालं, 'कर्तव्यात कसूर'. कसूर शब्द मोठ्या बाईंनी चुकीचा लिहिला होता, पण बाकी पत्रात चूक नव्हती.

मी कुलूप उघडलं. बीट भाजलं, मीठ घातलं, लोणी घातलं. काही पोरांनी खाल्लं, काहींनी तरीही खाल्लं नाही. कोबीला तर लोण्यातही फार कुणी हात लावला नाही. राहिलं तर राहिलं. मी बघायचे कोण काय टाकतं ते, आणि दुसऱ्या दिवशी ते जरा वेगळं करून बघायचे. पोरांना खायला शिकवण्याचं काम म्हणजे हेच. यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

वकीलबाई दहा दिवसांनी परत आली. हनुवटीवर पांढरी पट्टी, हातात डबा. वडील तिला फाटकात सोडायला आले होते. मी बाहेर जाऊन त्यांना म्हणाले, "मी आता नीट करते सगळं. तिला माझ्याकडे जेवू द्या."

ते शांतपणे म्हणाले, "मावशी, तिला काय झालं ते तुम्ही सांगितलंत, त्याबद्दल आभार. पण बारा दिवस तुम्ही अंडी मोजत होतात. ती तुमच्या हातचं खाणार नाही."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? ते पहाटे उठून, कामावर जायच्या आधी, तिचा डबा करायचे. ब्रेड जळका असायचा, अंडं फुटलेलं. ती कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसून ते निवांत खायची, एकेक घास चावत, सगळ्यांच्या शेवटी उठायची.

वर्ष संपत आलं तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मी बटाटे लोण्यात परतले होते, वास अंगणापर्यंत गेला होता. ती खिडकीशी आली. टाचा उंच करून कट्ट्यावर हनुवटी टेकली. टाक्यांची जागा गुलाबी दिसत होती.

"मावशी, मला एक बटाटा दे ना. बाबांना नको सांगूस."

मी पळी खाली ठेवली. "आधी बाबांना विचार. हो म्हणाले तर दोन देईन."

"पण त्यांना कळणारच नाही!"

"मला कळेल. तुलाही कळेल. विचार जा."

तिने तोंड वाकडं केलं, तीन प्रश्न विचारले, तिन्हींना मी तेच उत्तर दिलं. ती पाय आपटत गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी पुन्हा आली.

"विचारलं मी. नाही म्हणाले."

"बरं," मी म्हणाले.

ती थोडा वेळ पातेल्याकडे बघत उभी राहिली. मग आपला डबा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली.